मामांच्या दोन दाढा

एका दातांच्या डॉक्टरानं मामांना फसवलं. दोन निरोगी दाढा उपटल्या आणि वर सांगितलं, "कीड होती."

मामा माझे नात्यानं कुणी नव्हते. गडमुडशिंगीहून सायकलवर यायचे आणि माझ्या अडत दुकानात गुळाची पारख करायचे. त्या काळी तुम्ही मार्केट यार्डात गेला असाल, तर त्यांना पाहिलंच असेल. ढेपेचा तुकडा गालात धरायचे, डोळे मिटून सावकाश चावायचे. व्यापाऱ्यानं घाई केली की हात वर करायचे. "थांबा की पावणं, गूळ अजून बोलला न्हाय." मग साखरेची भेसळ बिनचूक सांगायचे. हमाली करून दुकान उभं केलेला मी, कुणावर विश्वास ठेवत नाही. त्यांच्या जिभेवर ठेवायचो.

एका हंगामात ते चावता चावता थांबायला लागले. जबडा धरून बसायचे, तोवर सौदा थंड व्हायचा. मला वाटलं, मामा व्यापाऱ्यांना फितूर झाले. भर सौद्यात ओरडलो, "मामा, कुणाकडनं खाल्लंय तुम्ही?"

"खायालाच येत न्हाय, मालक. जरा चावलं की जबडा दमतोय."

मीच त्यांना त्या डॉक्टराकडे नेलं. तो म्हणाला, एक दाढ काढू, शेजारचीही खराब दिसते. मी घासाघीस करून दोन्ही दाढा एकीच्या भावात ठरवल्या आणि खुशीत मामांना चहा पाजला. त्यांनी दाढा काडेपेटीत ठेवल्या. "माझं हत्यार हाय ह्ये."

जबडा दमायचा तो दमतच राहिला. ताप यायला लागला. गल्लीतल्या डॉक्टरानं टायफॉइडच्या गोळ्या दिल्या. सकाळी खांदे वर होईनात. तो म्हणाला, वय झालं. अंगावरचा सदरा लोंबायला लागला. टोपी घातली की टाळू दुखायची, म्हणून ती हातात धरून उन्हातून यायचे. हमाल विचारायचे, "मामा, टोपी घातली की भाडं पडतंय व्हय?" मीही हसलो.

एका सकाळी ते उजव्या बाजूच्या ढेपेला धडकले. "मालक, ह्या डोळ्यापुढं पडदा आलाय."

सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कानशिलावर बोट ठेवलं. शीर दोरीसारखी ताठ लागली. मग एकेक विचारत गेल्या. चावताना जबडा दमतो? टोपी टोचते? सकाळी खांदे आखडतात? ताप येतो? वजन उतरलं? मामा दर वेळी "व्हय" म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "एकाच माणसानं सगळं इचारलं, मालक. पैल्यांदाच."

बाई म्हणाल्या, "आजार एकच आहे. मोठ्या रक्तवाहिन्या सुजल्यात, त्यामुळं जबड्याला आणि डोळ्याला रक्त पुरत नाही. दातांचा काही संबंध नाही."

गोळ्या सुरू झाल्या. आठवड्यात खांदे सुटले, जबडा चालू झाला. दुसरा डोळा वाचला. गेलेला परत आला नाही.

त्यानंतरही काही वर्षं मामांनी माझा गूळ चाखला, उरलेल्या दाढांवर. भर सौद्यात केलेल्या आरोपाची मी माफी मागितली, तेव्हा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. ढेप फोडा."

ते गेल्यावर त्यांच्या सुनेनं काडेपेटी माझ्याकडे आणून दिली. ती घेऊन मी त्या दातांच्या डॉक्टराकडे गेलो. त्यानं उघडूनसुद्धा पाहिली नाही. "जुनी गोष्ट आहे," म्हणाला.

मी मामांना चोर ठरवलं. दुसरी दाढ स्वस्तात पडते म्हणून काढायला लावली. त्याचा जाब मला कुणीही विचारावा, मी देईन. पण आधी त्यानं द्यावा. काडेपेटी माझ्या गल्ल्यात आहे. दुकान सकाळी आठला उघडतं. त्यानं यावं आणि ह्या दोन दाढांत कीड कुठं आहे, ते बोट ठेवून दाखवावं.