उकळलेला स्पंज

स्वच्छतेत सिस्टरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेली. कात्र्या, चिमटे, सुया वाफेत घालून निर्जंतुक करायच्या आणि तिथून सुटलं की तोच कारखाना घरी चालू. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणायची आणि नवऱ्याला सिस्टरांचे मिस्टर. मिस्टर एका कचेरीत नकाशे काढत. घरी ते पेन्सिलीला टोक करायला बसले की साल जमिनीवर पडायच्या आत बाईंचा हात खाली हजर.

"सिस्टर, एकदा मलाही उकळून घ्या म्हणजे सुटलात," मिस्टर म्हणायचे.

"भांड्यात मावत नाही तुम्ही, म्हणून राहिलात," बाई न हसता उत्तर द्यायच्या.

असा हा संसार. मग मिस्टरांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. थट्टा करणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला.

मुलगा दूरच्या शहरात. त्याचा फोन आला. "आई, बाबांना समजत असेल तर घरीच ठेवू, मदतीला मी माणूस लावून देतो. पण कळतच नसेल काही, तर तू कशाला कंबर मोडून घेतेस? चांगली संस्था आहे माझ्या बघण्यात. येतो तेव्हा बघू आणि ठरवू."

नवऱ्याला सगळं समजतं, याबद्दल सिस्टरांना तिळमात्र शंका नव्हती. पण मुलाला दाखवायचं कसं? तेव्हा त्यांना आठवलं, डॉक्टरांच्या दवाखान्यात माशांच्या टाकीपाशी मिस्टरांची मान आपणहून वळली होती. त्यांनी तडक मासेवाल्याला घरी बोलावलं.

पलंगाशेजारी टाकी मांडली गेली. खाली माती, वर वाळू, मध्ये एक वाकडं लाकूड. रोपं लावायला मासेवाल्याची बोटं जाड पडत होती. सिस्टरांनी त्याला बाजूला सारलं, आपला जुना लांब चिमटा काढला आणि टाके घालावेत तशी एकेक मुळी वाळूत रोवली. मिस्टर बघत होते.

"आता लगेच मासे नाही सोडायचे," मासेवाला म्हणाला. "पाणी पिकू दे."

"पाणी म्हणजे काय केळं आहे?"

"सिस्टर, या फिल्टरच्या स्पंजात जंतू धरावे लागतात. माशांची घाण तेच पचवतात. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतल्याच पाण्यात बुचकळायचा. आणि सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. जंतू मेले की मासे मेले, एवढं लक्षात ठेवा."

"अरे, जंतू मारण्यात माझी हयात गेली आणि तू मला ते पाळायला सांगतोस?"

मिस्टरांच्या ओठांची डावी कड हलली. हसले ते! सिस्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढे मासे आले. लाल शेपटीचा एक गप्पी मिस्टरांनी हेरला. तो जाईल तिकडे त्यांच्या डाव्या हाताचं बोट पलंगाच्या लोखंडी कठड्यावरून फिरायचं. तो लाकडामागे गेला की थांबायचं, बाहेर आला की परत निघायचं. सिस्टर मनात म्हणाल्या, आता येऊ दे पोराला.

पोरगा यायचा दिवस उजाडला आणि बाईंची नजर काचेवरच्या हिरव्या थरावर गेली. स्पंज तपकिरी, पानांवर शेवाळ. घरात माणूस येणार आणि ही घाण? सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. त्यांनी मासे बादलीत काढले. सगळं पाणी उपसलं. पानं कापसानं पुसली. स्पंज पातेल्यात घालून खळखळून उकळला.

मिस्टरांनी कठड्यावर अंगठी आपटायला सुरुवात केली.

"हो हो, झालंच. आता बघा कसं लख्ख दिसतं!"

आपटणं वाढलं. सिस्टर नळाचं पाणी ओतायला वाकल्या तेव्हा मिस्टरांनी त्यांची बाही गच्च धरली. सिस्टरांनी ती सोडवली, एकेक बोट हळुवार उलगडून, हट्टी पेशंटची सोडवतात तशी.

मुलगा दारात आला तेव्हा नव्या पाण्यात सोडलेले मासे पोट वर करून तरंगत होते. सिस्टर चिमट्यानं त्यांना कागदावर काढत होत्या. लाल शेपटीचाही त्यांतच होता.

"हे काय झालं, आई?"

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मासेवाल्याचं बोलणं नवऱ्यानं ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं, आणि ते आपल्याला अडवत होते. मुलगा जे विचारायला एवढ्या लांबून आला, त्याचं उत्तर सकाळी या कठड्यावर वाजून गेलं होतं. एवढंच सांगायचं होतं, की मी स्पंज उकळला आणि बाबा मला थांबवत होते. शब्द ओठांवर आले होते. पण थिएटरच्या सिस्टरनं आपल्या स्वच्छतेनं जीव गेले म्हणून सांगायचं? मेली लाज आडवी आली.

"त्या मेल्यानं रोगट मासे गळ्यात मारले," सिस्टर म्हणाल्या.

मिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं सरळ, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाबा," मुलानं हाक मारली. हात हातात घेऊन पुन्हा मारली. "बाबा, मी आलोय." मान वळली नाही. तो डोळे पुसत उठला. "नाही गं आई. काही उरलं नाही आता."

संस्थेत सोडायला जाताना गाडीत सिस्टर म्हणाल्या, "अरे, त्यांना कळतं. त्या दिवशी..."

"त्या दिवशी काय?"

"काही नाही."

खोलीत पांढऱ्या चादरी होत्या, जंतुनाशकाचा वास होता. मिस्टरांना पलंगावर निजवलं आणि ते लगेच भिंतीकडे वळले. सवयीनं सिस्टरांनी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. धुळीचा कण नव्हता.

"बघ, अगदी तुझ्यासारखं ठेवलंय," मुलगा म्हणाला.

"हो," सिस्टर म्हणाल्या. "अगदी माझ्यासारखं."