वामनरावांनी ठरवलेला शब्द

एकतीस वर्षं ग्रामसेवकी केलेला माणूस सहजासहजी कोणावर विश्वास ठेवत नाही. जानेफळचे वामनराव तर सख्ख्या भावालाही मूळ कागद पाहिल्याशिवाय दाखला देत नसत. आपल्याला अजून कोणी बनवू शकलेलं नाही, हा त्यांचा जन्मभराचा तोरा. निवृत्त झाल्यावर त्यांनी शेत बटईनं दिलं, तोरा मात्र स्वतःकडेच ठेवला.

तो गेल्या दिवाळीच्या तोंडावर उतरला. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा, राजकुमारचा, रडका आवाज अनोळखी नंबरवरून आला. "बाबा, माह्या गाडीखाली मानूस आला. पोलिसाईनं धरलं मले. कोनाले सांगू नका, पैसे पाठवा." आवाज हुबेहूब होता. वामनरावांनी लगेच पैसे पाठवले. संध्याकाळी राजकुमारनं रोजच्यासारखा फोन केला, तेव्हा तो घरी बसून भजी खात होता.

पैसे गेल्याचं दुःख ते गिळूही शकले असते. पण दुसऱ्या दिवशी चौकातल्या हॉटेलात रोज बसणाऱ्या उत्तमरावांनी चारचौघांत विचारलं, "काय हो वामनराव, पोरगं सुटलं का जेलातून?" आणि सगळं हॉटेल खदखदा हसलं. ते हसणं वामनरावांच्या कानातून कधी गेलंच नाही.

पुढे ग्रामपंचायतीत पोलिसांचा कार्यक्रम झाला. आता कोणाच्याही आवाजाची नक्कल करता येते, म्हणून घरच्यांनी एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा, फोनवर कोणी घाबरवलं तर आधी तो विचारा, असं साहेबांनी समजावून सांगितलं. आवाजावरून कळेना तर घरी जाऊन, माणूस पाठवून खात्री करा, असंही ते म्हणाले. सल्ला चांगलाच होता. वामनरावांनी त्यातला पहिला अर्धा भाग घेतला आणि घरी येऊन शब्द ठरवला, छकुली.

छकुली ही त्यांची पहिली मुलगी. चार वर्षांची असताना तापानं गेली, त्याला पस्तीस वर्षं झाली. तिच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, त्या दिवसापासून ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. गल्लीत कोणी दुसऱ्या पोरीला त्या नावानं हाक मारली तरी त्या दार लोटून घेत.

"अजी, दुसरा कोनता बी शब्द ठेवा," त्या म्हणाल्या. "हा नका ठेवू."

"काऊन? म्हनूनच तर ठेवला. कोन्या चोराले सापडनार नाई तो."

मग परीक्षा सुरू झाली. वामनराव कधी शेजाऱ्याच्या, कधी हॉटेलवाल्याच्या मोबाईलवरून घरी फोन लावायचे आणि म्हणायचे, "शब्द?" मनकर्णाबाई गप्प. ते फोन कापायचे आणि घरी येऊन सुनावायचे, "तू एक दिवस हे घर बुडवशीन." बाई भाकरी थापत राहायच्या. स्वतःच्या निर्दयपणाला शिस्त म्हणायची सोय असली की माणूस काय काय करतो! वामनरावांना तर शिस्तीची आधीपासूनच फार आवड.

फेब्रुवारीत मनकर्णाबाई डोळे तपासायला सकाळच्या एसटीनं मेहकरला गेल्या. दुपारी बाराच्या सुमारास वामनरावांचा फोन वाजला. नंबर अनोळखी.

"अजी, मी बोलून राह्यली. माही पिशवी चोरीले गेली, मोबाईल त्यातच होता. माहा उजवा हात उचलत नाई. तुमी लवकर या."

आवाज हुबेहूब मनकर्णाबाईंचा. वामनराव गालातल्या गालात हसले. मागच्या खेपेलाही आवाज हुबेहूबच होता.

"शब्द सांग."

"अजी, मीच हाव ना..."

"शब्द."

पलीकडे नुसता श्वास. मागे बसस्टँडवरचा गलका. मग फोन दुसऱ्या बाईनं घेतला. "काका, मी आशाबाई, एसटीत कंडक्टर हाये. सकाळी ह्या माह्याच गाडीत होत्या. बाईचं तोंड वाकडं होऊन राह्यलं. मी दवाखान्यात नेऊन राह्यली, तुमी तिकडंच या."

"किती पैसे पायजे ते सरळ सांग ना!" वामनराव गरजले. त्यानंतर त्यांनी तिला ज्या शिव्या दिल्या, त्या लिहिण्यासारख्या नाहीत. नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या नंबरवरून फोन आला, तोही ब्लॉक केला. खात्रीसाठी मनकर्णाबाईंचा नंबर लावला, तर तो बंद. चार्जिंग करायचं विसरली असेल, नेहमीचंच आहे तिचं, असं म्हणून त्यांनी अंगात सदरा घातला आणि थेट हॉटेल गाठलं.

"आज चोराले असा हाकलला, पुन्हा नाव नाई घेनार!" त्यांनी सगळं रंगवून सांगितलं.

"मानलं बाप्पा तुमाले," उत्तमराव म्हणाले आणि त्यांनीच चहा सांगितला. कितीतरी महिन्यांनी वामनरावांना चहा गोड लागला. ते दोन कप प्यायले. तिकडे मेहकरला डॉक्टर घरच्या माणसाची वाट पाहत होते. बाईंना मोठ्या दवाखान्यात हलवायचं होतं.

साडेपाचच्या एसटीतून मनकर्णाबाई उतरल्या नाहीत. आशाबाई उतरली. विचारत विचारत ती हॉटेलापर्यंत आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काका, तुमाले शिव्या देता येते, दवाखान्यात येता येत नाई का?"

कोणीही हसलं नाही.

"पहिल्या तीन-चार तासांत हलवलं असतं तर बरंच वाचलं असतं," असं पुढे मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. मनकर्णाबाई जगल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एक शब्द तेवढा मागे राहिला. मेंदूला असा धक्का बसला की कधी कधी एकच शब्द उरतो, म्हणे.

त्यांना तहान लागते, तेव्हा त्या म्हणतात, "छकुली." कूस बदलायची असली तरी तेच, रडू आलं तरी तेच. त्या दिवशी फोनवर त्यांना तो शब्द म्हणायचा नव्हता की म्हणता येत नव्हता, हे वामनरावांना आता कोण सांगणार?

परवा दुपारी त्या सारख्या म्हणू लागल्या, "छकुली, छकुली." वामनराव खाटेशी बसले. त्यांनी बाईंचा निकामी हात हातात घेतला आणि डोळे पुसत म्हणाले, "हाव, हाव. बरोबर हाय. पटलं मले. तूच हायस."

बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना पाणी हवं होतं.