फोटोत नसलेलं वाक्य

असले अनुभव मी आजवर चहासोबत, हसत हसत वाचत आलेय. नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी सतरा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. जॉब, म्हणजे तयार पार्ट, मापात बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट. भुताखेतांच्या गोष्टी मी कायम रिजेक्टच्या डब्यात टाकल्या. तेव्हा हे कुणाला घाबरवायला लिहीत नाही, घडलं म्हणून लिहितेय.

मला अनोळखी लोकांचे जुने फोटो जमवायचा नाद आहे. भंगारवाल्याकडे, रद्दीत, जुन्या फ्रेमांच्या मागे... कुठेही सापडतात. घर मोडलं की फोटो कुणालाच नको असतात. मी ते आणते, पुसते आणि वहीत त्यांची गोष्ट लिहिते. ही माणसं कोण असतील, फोटोच्या आधी भांडली असतील का, वगैरे. माझे अंदाज चांगले असतात, यात मी विनय दाखवणार नाही. चपलेवरची धूळ, कोण कुणाकडे झुकलंय... नीट बघणाऱ्याला बरंच कळतं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला नगरमध्येच एका भंगारवाल्याकडून आरशाची फुटकी फ्रेम घेतली. मागच्या पुठ्ठ्याखाली फोटो निघाला. स्टुडिओतला, साठेक वर्षांपूर्वीचा. दोन तरुण बायका. एक खुर्चीत, मांडीवर चार-पाच महिन्यांचं बाळ. दुसरी मागे उभी, हात खुर्चीच्या पाठीवर. फोटोमागे नाव नाही, गाव नाही.

त्या संध्याकाळी मी वहीचं पान एका दमात लिहिलं. नणंद-भावजय. नणंद माहेरी बाळंतपणाला आलेली. त्याच आठवड्यात भावजयीचं बाळ जन्मतःच गेलं. नणंदेनं आपलं तिच्या ओटीत घातलं आणि सासरी सांगितलं, माझंच गेलं. देताना एवढंच म्हणाली, "त्येला डाव्या कुशीवर निजीव गं, उजव्यावर रडतंय."

माझ्या नवऱ्यानं, प्रसादनं, ते वाचलं आणि म्हणाला, "डावी कूस-उजवी कूस फोटोत कुठं दिसली तुला? आणि हे 'निजीव' कुठून आणलंस? तुझ्या माहेरी कुणी असं बोलत नाही."

खरंच नाही बोलत. आमचं माहेर नगरातलंच, कारकुनांचं. मी म्हटलं, सुचलं. त्यानं पानाचा फोटो काढून माझ्या बहिणीला पाठवला... तिची करमणूक म्हणून. तो मेसेज तारखेसकट आजही आहे.

गोष्ट मी कुठेही टाकली नाही. फक्त फोटो टाकला, जुन्या फोटोंच्या एका फेसबुक ग्रुपवर. महिन्याभरानं जामखेडहून एका गृहस्थांचा फोन आला. भाऊसाहेब, वय साठीचं, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान.

"ताई, खुर्चीतली माझी आई हाय. याच पडद्याम्होरं, याच लुगड्यात तिचा एकटीचा फोटो आमच्या घरात हाय. उभी हाय ती माझी आत्या. अन् मांडीवरचं ध्यान म्हंजी मीच!"

खूप हसले. ग्रुपवर मी गोष्टींच्या वहीबद्दल लिहिलं होतं, ते त्यांनी वाचलेलं. "वही पण आणा. आईला वाचून दाखवू."

आणि मी नेली. मांडीवरचं बाळ तेच आहेत हे कळूनही नेली. प्रसाद म्हणाला होता, नको नेऊस. मी म्हटलं, कल्पना आहे रे, त्यात काय! याची टोचणी मला अजून आहे.

रविवारी मी आणि प्रसाद कडा-आष्टीमार्गे जामखेडला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ओसरीवर सरूबाई, म्हणजे त्यांची आई, शेंगा फोडत बसलेल्या. फोटो हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, वाचा की."

मी वाचायला लागले. नणंद-भावजय म्हटल्यावर भाऊसाहेबांनी टाळी वाजवली. बाळ गेल्याचं आलं तसा शेंगांचा आवाज थांबला. मी थांबायला हवं होतं. पण मी पुढच्या ओळीवर गेले, "देताना एवढंच म्हणाली..."

"त्येला डाव्या कुशीवर निजीव गं," सरूबाई म्हणाल्या, "उजव्यावर रडतंय."

मी अजून ते वाचलंच नव्हतं. भाऊसाहेबांनी माझ्या हातातली वही ओढली. ओळ वाचली, आईकडे बघितलं, परत ओळ वाचली.

"तुला कुनी सांगितलं?" सरूबाईंनी मला विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"कुणी नाही, मावशी. फोटो बघून लिहिलं."

"फोटोत बोलनं दिसतं व्हय? मला, हिराला अन् सासूबाईला... तिघींनाच ठावं हुतं. सासूबाई जाऊन चाळीस वर्सं झाली. याच्या बापाला सुदीक म्या सांगितलं न्हाई."

भाऊसाहेब उठून अंगणात गेले. हौदावर तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. मी प्रसादकडे बघायलाही धजले नाही. परत आले ते आईशेजारी खाली बसले.

"आत्या अजून हाय, आई. बेलापूरला जायाचं." मग माझ्याकडे वळले. "ताई, तुमी उघडलंय. तुमी संग यायचं."

पुढच्या रविवारी आम्ही सगळे नगर जिल्ह्यातल्या त्या बेलापूरला गेलो. आत्या, म्हणजे हिराबाई, शेवग्याच्या सावलीत बाजेवर बसलेल्या. सरूबाई गाडीतून उतरल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "हिरे, त्याला कळलं गं."

भाऊसाहेब पाया पडायला वाकले, तसे हिराबाईंनी पाय वर ओढून घेतले.

"आदी तिच्या पड," त्या म्हणाल्या. "म्या नऊ म्हयनं वागीवलं. तिनं साठ वर्सं."

त्यानंतर तिथे कोण कसं रडलं ते मी लिहिणार नाही. ते त्यांचं आहे.

निघताना हिराबाईंनी माझा हात धरला. "तुज्या कानात माजा आवाज आला हुता का?"

नव्हता आला. स्वप्न नाही, शहारा नाही, काही नाही. पेन चाललं, मी लिहिलं. माझ्या माहेरच्या कुणाचा जामखेडशी संबंध नाही, हे मी आईला, मामांना खोदून खोदून विचारून घेतलंय. तो फोटो नगरच्या भंगारात कसा आला, हे त्या दोघींनाही सांगता आलं नाही. नंतर मी तीसेक फोटोंवर लिहिलं, पैकी दोघांचे घरचे सापडले... दोन्ही अंदाज सपशेल चुकले. योगायोग म्हणावा तर शब्दन् शब्द कसा जुळतो? उत्तर शोधणं मी थांबवलंय.

सरूबाई त्या दिवशी जामखेडला परतल्याच नाहीत, महिनाभर बेलापुरातच राहिल्या. भाऊसाहेबांचा परवा फोन आला होता. म्हणाले, "दोगी संग असल्या अन् आई म्हनून हाक मारली ना ताई, की दोगी बी ओ देत्यात. अन् मंग दोगी बी एकमेकींकडं बगत्यात."