समुद्रगाईच्या कुरणात विजयमालाबाई

खराडीच्या विजयमालाबाई दरेकर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी अंदमानला समुद्री जीवशास्त्र शिकायला गेल्या, त्यामागे ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हती. नवऱ्याचा पोरीवर विश्वास नव्हता, एवढंच.

पोरगी म्हणजे वैष्णवी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. एरंडवण्यातल्या एका संस्थेची जाहिरात तिने कॉलेजच्या फलकावर वाचली. अंदमानच्या एका बेटावर राहायचं आणि प्रवाळ, समुद्री गवत, समुद्रगायी यांचा अभ्यास करायचा, तोही प्रत्यक्ष पाण्यात उतरून. वडिलांनी, म्हणजे दत्तोबांनी, त्यातलं ‘पाण्यात उतरून’ एवढंच ऐकलं. शेती आयटी पार्कला गेल्यापासून ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत ‘दरेकर डेव्हलपर्स’च्या पाटीखाली बसत आणि जगात काय चालतं याची त्यांना बसल्याजागी खडान्‌खडा माहिती असे.

“एकटी जाणार न्हाय. आय जाईल संगं.”

ते स्वतः संस्थेत गेले. तिथल्या उल्का मॅडमनी मान वर न करताच सांगितलं, “पालकांना प्रवेश नाही. ही सहल नाही.”

“मंग कुनाला हाय?”

“सहभागी होणाऱ्यांना.”

“वयाची अट?”

मॅडमनी माहितीपत्रक वरून खाली आणि खालून वर वाचलं. अट घालायची राहून गेली होती.

अशा रीतीने विजयमालाबाई विद्यार्थिनी झाल्या. त्यांचं मत कुणी विचारलं नाही. ती पद्धत घरात नव्हती.

बेटावर बाकीची मंडळी दोन प्रकारची होती. काही कॉलेजची मुलं आणि काही सुट्टी टाकून आलेले आयटीवाले. या दुसऱ्या गटाला रविवारपर्यंत निसर्ग वाचवून सोमवारी हजर व्हायचं होतं. त्यातला योगेश मूळचा वाशीमकडचा. ऑफिस कुठे, म्हणून बाईंनी विचारलं, तर तो म्हणाला, “खराडीत. ती निळ्या काचांची बिल्डिंग आहे ना, तिथं.”

“तिथं आमचा हरभरा असायचा.”

“ओह. सॉरी.” त्याला कंपनीत सॉरी म्हणण्याचं प्रशिक्षण मिळालेलं होतं.

पहिल्याच दिवशी वैष्णवीला बोट लागली. समुद्र आपल्याला मानवत नाही, असा निष्कर्ष काढून ती खोलीत जाऊन झोपली, आणि बेटावर मोबाइलची रेंज येते ती एकच खिडकी तिच्याच खोलीला होती, त्यामुळे पुन्हा फारशी बाहेर पडली नाही. जिच्यावर लक्ष ठेवायला आलो तीच पाण्यात उतरत नाही म्हटल्यावर विजयमालाबाईंना खरं तर सुट्टीच होती. पण भरलेले पैसे वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

अंगाला चिकटणारा पाण्यातला पोशाख त्यांनी बोटांच्या चिमटीत धरून परत केला. लेकीची ट्रॅकपँट, वर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोळ्यांवर काचेचा मुखवटा अशा थाटात त्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. हे ध्यान खराडीत कुणी पाहिलं असतं, तर दत्तोबांचं नगरसेवकपदाचं तिकीट तिथेच गेलं असतं.

“काकू, तोंडाने श्वास घ्या आणि डोकं खाली,” उल्का मॅडम म्हणाल्या.

काकूंनी डोकं खाली घातलं, नाकातोंडात पाणी गेलं, ठसकल्या, शिव्या दिल्या, पुन्हा घातलं. चार-पाच वेळा असं झालं. मग खालून त्या बराच वेळ वर आल्याच नाहीत. मॅडम घाबरून जवळ गेल्या, तर बाई पाण्यावर शांत पालथ्या तरंगत होत्या. खाली हिरवंगार गवत होतं, लाटेबरोबर एका अंगाने झुकणारं, आणि त्या गवतातून वाळूचे उघडे पट्टे वाकडेतिकडे गेलेले.

“ही समुद्रगाय चरून गेल्याची खूण,” मॅडमनी सांगितलं.

“आन्‌ गाय कुठंय?”

“ती दिसत नाही सहसा. फार थोड्या उरल्यात.”

गाय शेवटपर्यंत दिसली नाही. रोज ओहोटीला पाइपची चौकट गवतावर टाकायची आणि आत किती गवत, किती वाळू ते सांगायचं, हे काम आयटीवाल्यांना दुसऱ्या दिवशी कंटाळवाणं वाटू लागलं. बाईंना वाटलं नाही. त्यांचे अंदाज सपशेल चुकत, मॅडम ते खोडत, बाई पुन्हा पाण्यात जात. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणी चहा मागत नव्हतं, तेही एक कारण असावं.

शेवटच्या दिवशी मॅडमनी खोटी जनसुनावणी ठेवली. याच किनाऱ्यावर रिसॉर्ट येणार आहे असं समजायचं. चिठ्ठ्या टाकून कुणाला मच्छीमार, कुणाला शास्त्रज्ञ, कुणाला वनाधिकारी केलं. बिल्डरची चिठ्ठी विजयमालाबाईंना आली. सगळे हसले.

बाई उठल्या, मच्छीमार झालेल्या योगेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “दादा, जाळं कवर वडायचं? पोरगं काय शिकलंय? रिसॉर्टला चिकटवून टाकू.” वनाधिकाऱ्याकडे वळून, “सायेब, लेकीचं लगीन ठरलं म्हनं. हॉल आपलाच समजा.” गावकऱ्यांना देवळाचा सभामंडप दिला. शास्त्रज्ञ कपाळाला आठ्या घालून बसली होती, तिला म्हणाल्या, “ताई, तुमच्या समुद्रगाईचंच नाव देऊ रिसॉर्टला. दारात पुतळा बसवू. कारंज्यासकट.”

मतदान झालं. सगळे हात रिसॉर्टच्या बाजूने. पुतळ्यासाठी शास्त्रज्ञसुद्धा फितूर झाली.

“अहो, तुम्ही मुद्दे मांडायचे होते!” उल्का मॅडम वैतागल्या.

“मुद्देच व्हते की. आमच्यापुढं असंच मांडलं व्हतं.”

बाई खाली बसल्या. त्यांच्या घरी आयटी पार्कवाल्यांची अशीच सुनावणी झाली तेव्हा त्या आत चहा गाळत होत्या. दाराआडून सगळं ऐकलं होतं, आणि मग ओट्यावरच, ओले हात पुसून, दाखवतील तिथे सही केली होती. आज तीच भाषा तोंडातून इतकी सफाईदार निघाली याची त्यांना लाज वाटली आणि थोडा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटल्यामुळे त्या ओहोटीच्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या.

पुण्याला परतल्यावर महिन्याभरात दत्तोबांनी कागद पुढे केला. ओढ्याकाठचा शेवटचा तुकडा कर वाचवण्यासाठी बायकोच्या नावावर होता. तिथे आता एका मोठ्या बिल्डरचा टॉवर होणार होता.

“सही कर गं.”

“अहो, आधी वाचते.”

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. दत्तोबांना वाटलं, समुद्राचं पाणी कानात गेलंय.

“ओढा आन्‌ त्याच्या दोनी बाजू सोडायच्या. बुजवायचं न्हाय, भिंत घालायची न्हाय. तसं लिवून आना, मंग करते.”

“तुला कुनी शिकवलं हे?”

“तुमीच पाठवलं व्हतं शिकायला.”

आरडाओरडा झाला, अबोला झाला, माहेरहून भाऊ समजूत घालायला आला आणि जेवून गेला. दोन महिन्यांनी बिल्डरच कंटाळला. ओढा वगळून करार झाला.

पुढे जे झालं त्याला विजय म्हणायचं की नाही, हे बाईंनाही ठरवता आलं नाही. बिल्डरने ओढ्याकडच्या फ्लॅटना ‘निसर्गसन्मुख’ म्हणत भाव चढवला. दत्तोबा पाहुण्यांना सांगू लागले, “आपन आधीच वळखलं व्हतं. लोकांना हिरवळ पायजे.” योगेशने तिथेच फ्लॅट घेतला आणि डासांबद्दल सोसायटीकडे लेखी तक्रार केली. वैष्णवी एका बँकेत लागली.

उल्का मॅडम मात्र दर हिवाळ्यात पोरांना घेऊन ओढ्यावर येऊ लागल्या. विजयमालाबाई गमबूट घालून पुढे उतरतात. पाण्यात खंड्या आहे, बेडूक आहेत, चिप्सची पाकिटंही भरपूर आहेत. गेल्या खेपेला काठावरून सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं, “बाई, आपण कुठल्या? परवानगी घेतलीय का?”

बाईंनी पाण्यातून एक पाकीट उचलून त्याच्या हातात दिलं. “हे धरा आधी,” त्या म्हणाल्या, आणि पोरांना चौकट कुठे टाकायची ते दाखवू लागल्या.