आवणीच्या दिवसांतला प्रवेश

बारावीनंतर कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी समुपदेशक तयार करणं, हे २०१७ साली माझं काम होतं. डहाणू-तलासरीतली नुकतीच पदवीधर झालेली आठ मुलं-मुली समोर बसायची आणि मी तक्ते लावून तावातावाने शिकवायचे: पालकांना समजावून सांगा, धीर धरा, घाई करू नका. घाई तर माझ्याच पाचवीला पुजलेली!

गंजाडच्या एका मुलीला डहाणूच्या कॉलेजात विज्ञान शाखेची जागा मिळाली होती. तिच्या पाड्यातून विज्ञान घेऊन बारावी झालेली ती पहिलीच. आनंदाने मला रात्रभर झोप नव्हती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत पालकाने कॉलेजात सही केली नाही, तर जागा जाणार होती. घरात मायलेकी दोघीच.

माझ्या आठ शिकाऊ समुपदेशकांपैकी एका मुलीला घेऊन मी सकाळीच त्यांच्या शेतावर पोचले. मायलेकी चिखलात वाकून भाताची आवणी करत होत्या. बांधावरून मी शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी, सगळं एका दमात सांगून टाकलं.

आई मान वर न करता म्हणाली, "बाय, सगळा खरा. पन पोर गेली त आवनी कोन करील? रोपा उपटून ठेवलीत. आज नाय लावली त मरतील."

मी पिशवीतून शिष्यवृत्तीचा तक्ता बाहेर काढला.

शिकाऊ मुलीने चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि ती सरळ चिखलात उतरली.

"अगं, समुपदेशन कोण करणार?" मी ओरडले.

"तेच करतेय, मॅडम."

मला असा राग आला! पण घड्याळाकडे बघून काय होणार? साडी वर खोचून मीही उतरले. माझी रोपं इतकी वाकडी लागली, की आईने ती हसत हसत उपटून पुन्हा लावली. मग तीच विचारू लागली. बस किती वाजता? पोर रोज घरी येईल का? शिकाऊ मुलगी रोपं लावता लावता एकेक उत्तर देत होती. मी रोपांच्या जुड्या पुढे करत होते.

दोन वाजता उपटलेल्या रोपांची शेवटची जुडी संपली; उरलं ते खालचं वावर, त्याची रोपं अजून उपटायची होती. टेम्पोतून, चिखलाच्या पायांनी, पावणेचारला आम्ही कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीशी! आईने सावकाश एकेक अक्षर काढत सही केली. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर आईने आपल्या लेकीला विचारलं, "कदीपासून जायचा?"

"सोमवारपासून."

"जा. खालचा वावर मी एकटी लावीन."