सरांची फुंकर

आमचे सर तापलेल्या तारेवर फुंकर मारत. जिवाणू उचलायची बारीक तार ज्योतीत लाल करायची, आपोआप निवू द्यायची आणि मगच जिवाणू वाढवायच्या प्लेटला टेकवायची, हे बीएस्सीच्या पोरांनाही ठाऊक असतं. सरांना तेवढा दम नव्हता. गरम चहावर मारावी तशी फुंकर मारून ते म्हणत, "अमेरिकेत असंच चालतं." तिथे ते दोन वर्षं होते. तिथे कुणी त्यांच्या हातात तार दिली असेल, असं मला कधीच वाटलं नाही.

सत्तरच्या दशकात जनुक अभियांत्रिकी नागपुरात आणली ती सरांनी. म्हणजे तो शब्द आणला. लग्नाच्या पंगतीतही "या क्षेत्रात विदर्भातला पहिला मीच" हे ऐकवल्याशिवाय त्यांना जिलबी गोड लागत नसे. प्रयोग मी करायची. शेवटचा हात लावायला सर यायचे, इस्त्रीचा पांढरा कोट घालून.

एका जिवाणूचं जनुक दुसऱ्यात घालायचं, असा तो प्रयोग. जमलं, तर तो जिवाणू एरवी त्याला मारणारं औषध घातलेल्या प्लेटवरही वाढतो. एका सकाळी प्लेटवर पिवळे ठिपके उगवले आणि सरांनी परस्पर वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलं. हार, पेढे, रामदासपेठेत सत्कार!

काचेची भांडी निर्जंतुक करणारे आमचे महादेवभाऊ रोज कामठीहून बसने येत. ते हळूच म्हणाले, "ताई, सर त फुकून राहिले होते. मी पाह्यलं ना."

मग मी एक चावटपणा केला. औषध घातलेली कोरी प्लेट सरांच्या टेबलावर उघडी ठेवली आणि विचारलं, "सर, तुम्हाला हे सुचलं कसं?" सर वीस मिनिटं बोलले. दोन दिवसांनी त्या प्लेटवर तेच पिवळे ठिपके होते. विदर्भातला पहिला चमत्कार सरांच्या तोंडातच राहत होता.

मी पोट धरून हसले आणि गप्प बसले. माझा प्रबंध सरांच्या सहीसाठी अडला होता. पाच वर्षांचं काम होतं ते.

चार महिन्यांनी, दिल्लीला पाठवलेल्या ठिपक्यांच्या तपासणीचं पत्र आलं: हा तर माणसाच्या तोंडातला साधा जिवाणू, या औषधाला मुळातच न जुमानणारा. सर जराही डगमगले नाहीत. "भांडी नीट उकळत नाही तो," म्हणाले. चौकशी बसली. महादेवभाऊंनी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं, "साहेब, भांडे साफच होते." समितीने मला विचारलं. सर माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "मला नक्की सांगता येणार नाही."

महादेवभाऊंची नोकरी गेली. किल्ल्या द्यायला आले तेव्हा माझी मान वर होईना.

"तुमी काहून नाही बोलल्या, ताई?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "जाऊ द्या. सही झाली का तुमची?"

"नाही अजून."

"मंग घेऊन टाका लवकर. थो माणूस भरवशाचा नाही."

सही दुसऱ्याच दिवशी झाली. सरांची मला आजही किळस येते, आणि ते मी कुणालाही बेधडक सांगते. कामठीला मात्र मी आजवर गेलेले नाही.