उन्हाबरोबर सरकणारी बाई

अकोल्यात नोकरी लागल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात मला अंथरुणातून उठावंसंच वाटेना. ऑफिसातून यायचं आणि झोपायचं, रविवारी तर दिवसभर झोपायचं. आई अमरावतीहून फोनवर म्हणाली, "आवाज असाच राहिला, तर तुला घ्यायला येते मी." मला परत जायचं नव्हतं, म्हणून त्या रविवारी बाहेर पडले.

जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत एक बाई तुरीच्या ओल्या शेंगा विकायची. ऊन सरकलं की तीही पोतं ओढत सरकायची. सकाळी शिंप्याच्या दारात, दुपारी औषधांच्या दुकानाच्या पायरीवर. दुकानदार ओरडले की ती त्यांनाच मूठभर शेंगा खायला द्यायची.

मी सावलीत उभी राहून पाव किलो शेंगा मागितल्या.

"सावलीत सौदा देत नाई मी. इकडे ये वं. तोंड काहून असं? कोनी मारलं का?"

"थकवा आहे," मी पुटपुटले.

"मंग बस ना! उभ्यानं थकवा जाते का?"

मी उन्हात बसले. तिने माझ्या हातात तराजू दिला, "चहा पिऊन येतो," म्हणाली आणि गेली ती तासाभराने आली. शाळेत हजेरी देतानाही माझा आवाज निघत नसे. इथे मी भाव पाडणाऱ्या बायांशी चक्क भांडले, आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा घसा पार बसला होता.

"रडली का तू?"

"नाही गं. शेंगा विकल्या."



"उद्या पहिल्या बसने येते," आई म्हणाली.